कुणालाच ओळखू न येणारी खिरापत

चेन्नईतल्या कुणालाही ओळखता येणार नाही अशी खिरापत करायची, असं मी एकदा ठरवलं होतं. आता तेव्हाच्या त्या बाईचं, म्हणजे माझंच, मला फार हसू येतं. अख्ख्या शाळेत मराठी कळणारी माणसं दोनच, एक मी आणि दुसरी माझी लेक. साधं थालीपीठ नेलं असतं तरी त्याचं नाव सांगताना सगळ्यांची दातखीळ बसली असती. पण भोंडला म्हटला की खिरापत लपवायची, आणि खिरापत लपवायची म्हटली की कोकणातल्या बाईच्या अंगात येतं. समोर कोण उभं आहे ते मग ती बघत नाही.

दोन हजार साल मागे पडून पाचसहा वर्षं झाली असतील. मी अड्यारच्या एका मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत होते. नवऱ्याची बँकेतली बदली आम्हाला तिकडे घेऊन आली होती आणि मग आम्ही तिथलेच झालो. समुद्र शाळेपासून फार लांब नव्हता. दुपारी वारं फिरलं की वर्गातला भारताचा नकाशा भिंतीवर हळूच फुगायचा, पुन्हा बसायचा, जसा काही देश जेवून झोपलाय. मुलीही जवळजवळ झोपलेल्याच असत. दोन वेण्या वर दुमडून रिबिनीने बांधलेल्या, त्यात अबोलीचा किंवा मोगऱ्याचा तुकडा, आणि माझं वाऱ्यांबद्दलचं बोलणं त्यांच्या डोक्यावरून खिडकीबाहेर. आज ती शाळा आठवते ती बहुतेक अशीच, अर्धे डोळे मिटलेली.

लेक तेव्हा नववीत होती. त्याच वर्षी जूनमध्ये ती आमच्या शाळेत आली आणि पहिल्याच रात्री, ताकाचं भांडं हातात धरून, तिने मला अटी सांगितल्या. शाळेत तिला मराठीत हाक मारायची नाही. ती मला ‘आई’ म्हणणार नाही, सगळ्यांसारखी ‘मिस’ म्हणणार. डबा खाताना मी तिच्या घोळक्याजवळ यायचं नाही.

“आणि तुझं तमिळ,” ती म्हणाली, “ते शक्यतो बोलूच नकोस.”

“का? समजतं सगळ्यांना.”

“तेच तर.”

तिच्या आधीच्या शाळेत तिला मुली ‘हिंदीवाली’ म्हणायच्या. आम्ही हिंदीवाले नाही हे तिने पुष्कळ सांगून पाहिलं, पण त्यांच्या लेखी आंध्राच्या वर राहणारे सगळे एकच. नव्या शाळेत येईपर्यंत तिचं तमिळ असं झालं होतं की भाजीवालीसुद्धा फसायची. ते जमवलेलं सगळं मी एका हाकेत घालवीन अशी तिला भीती होती. हे मला आता कळतं. तेव्हा मात्र मी पदर खोचून एवढंच म्हटलं होतं, “बघू.”

तर नवरात्राचा आठवडा. आमच्या शाळेच्या हॉलमध्ये गोलू मांडायचे. पायऱ्यांवर पांढरी धोतरं अंथरून त्यावर बाहुल्या: देव, वाणी-वाणीण, लग्नाची वरात, क्रिकेटची टीमसुद्धा. रोज शेवटच्या तासाला एकेक वर्ग गोलूपुढे गाणं किंवा नाच करायचा आणि मग सगळ्यांना पानाच्या द्रोणातून सुंडल, म्हणजे खोबरं घातलेली उसळ. स्टाफच्या मीटिंगमध्ये हेडमिस्ट्रेस म्हणाल्या, “तुमच्याकडेही काही असेल ना या दिवसांत?” त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत माझा हात वर. शुक्रवार मला मिळाला, आणि वर्ग मिळाला नववी ब. लेकीचा वर्ग.

मनात काय होतं ते सरळ सांगते. मला भोंडला दाखवायचा नव्हताच फारसा. मला लेकीला त्या फेरात उभी बघायची होती, सगळ्यांच्या देखत. मी तिच्याएवढी असताना गावच्या शाळेच्या पटांगणात जशी उभी राहायचे, तशी. बाकी हत्ती आणि खिरापत हे सगळं निमित्त.

त्या आठवड्यात नववी बकडेच सकाळच्या प्रार्थनेची ड्यूटी होती. प्रार्थना, सुविचार, मग देशाच्या बातम्या, खेळाच्या बातम्या आणि शेवटी शाळेच्या. शाळेच्या बातम्या वाचायला होती आमची कन्या. सोमवारी ती माइकसमोर उभी राहिली आणि इंग्रजीत म्हणाली की रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मांजर व्यायली आहे, सबब प्रयोग पुढे ढकलले आहेत. सातवीतल्या एका मुलीने बुद्धिबळात मोठ्या मुलींना हरवलं आहे. वाचनालयातलं घड्याळ पुन्हा बंद पडलं आहे. आणि शुक्रवारी नववी ब ‘भोंडला’ सादर करील. “तो काय असतो ते भूगोलाच्या मिसना विचारावं,” ती म्हणाली.

‘भोंडला’ हा शब्द तिने असा उच्चारला, जसा काही तिने तो जन्मात पहिल्यांदा वाचला.

माझ्या शेजारी तमिळच्या मिस उभ्या होत्या. गोलू त्यांच्या ताब्यात असायचा. बारीक, उंच बाई, हसायची वेळ आली की चष्मा पुसायच्या. त्यांनी चष्मा पुसला.

मी त्यांना हॉलमध्ये गाठलं. भोंडल्याला मधे हत्ती लागतो, आणि त्यांच्या दुसऱ्या पायरीवर एक लाकडी हत्ती होता, रंग उडालेला, फार देखणा.

“शुक्रवारी तासाभरासाठी तो हत्ती द्याल?”

“एकदा बसवलेल्या बाहुलीला दसऱ्यापर्यंत उठवत नाहीत.”

“तो उभा आहे.”

“उभ्यालाही नाही,” त्या म्हणाल्या.

मग चित्रकलेच्या फळीवर कोलमच्या, म्हणजे तिथल्या रांगोळीच्या, पिठाने हत्ती काढायचा ठरला. मुलींनी काढला तो सोंड वर केलेला, जरा रागावलेला. एक जण म्हणाली हेडमिस्ट्रेससारखा दिसतो, आणि मग कुणालाच तो दुसऱ्या कशासारखा दिसेना.

गाणी मी मुलींकडून तमिळ अक्षरांत लिहून घेतली. मंगळवारी मधल्या सुट्टीत आम्ही हॉलमध्ये फेर धरला. त्या वेळी हॉलच्या उंच झरोक्यांतून ऊन तिरकं यायचं आणि त्यात पिठाचे कण तरंगत राहायचे. मुली एकमेकींचे हात धरून हळूहळू फिरायच्या, अर्थ न कळणारे शब्द लाडाने म्हणायच्या. माझ्या लहानपणीचं पटांगण आणि हा हॉल एकमेकांत मिसळून जायचे. मला मधेच वाटायचं, आता दारातून माझी आई परात घेऊन येईल.

“मिस, या गाण्यांमधली सासू इतकी वाईट का?” एकीने विचारलं.

“गाण्यातली आहे ती. खरी नाही.”

“खरीच असणार,” दुसरी म्हणाली. “माझ्या आजीशी जमेल तिचं.”

लेक आत आली नाही. ती हॉलच्या बाहेरच्या पायरीवर बसून शिपाईमामांकडून घड्याळाची बातमी काढत होती. पाठ माझ्याकडे. फेर तिच्या बाजूने गेला की मुली तिला हाका मारायच्या आणि ती मागे न बघता हात हलवायची, माशी हाकलावी तसा.

बुधवारी मी सहावीला किनारपट्टीची पिकं शिकवली. फळ्यावर नकाशा काढला, पश्चिम किनाऱ्यावर नारळ काढले, भाताची लोंबी काढली. मग पूर्व किनाऱ्यावर नारळ काढले, भाताची लोंबी काढली. हाताला खडू, कानाला लांबून येणारी नववी बची गाणी, आणि डोक्यात खिरापत. स्वतः दोन्हीकडे तेच नारळ काढत होते, आणि डोक्यात काही म्हणता काही शिरलं नाही. असो.

डबा खाताना तमिळच्या मिसनी विचारलं, “शुक्रवारी काय देणार आहात मुलींना?”

“ते गुपित असतं आमच्यात. ओळखायचं असतं. नाव सांगता आलं नाही तर डबा उघडत नाहीत.”

“शुक्रवार आहे, लक्षात आहे ना?”

“आहे की,” मी म्हटलं. नवरात्रातल्या शुक्रवाराचं तिथे काय असतं ते मला ठाऊक नव्हतं, आणि विचारायचं म्हणजे ठाऊक नाही असं सांगायचं. ते तेव्हाच्या मला कसं परवडणार? त्यांनी चष्मा पुसला. मला वाटलं, मिरची लागली असेल.

गुरुवारी संध्याकाळी खांतोळी केली. तांदळाचा रवा तुपावर भाजायचा, गूळ, ओलं खोबरं, वेलदोडा घालून शिजवायचा, ताटात थापायचा, वड्या पाडायच्या. आमच्या घरी श्रावणात व्हायची. चेन्नईत कुणाच्या बापाला ओळखता येणार नाही, असं मनात म्हणत मी रवा परतत होते. लेक जमिनीवर बसून नारळ खोवत होती. नवरा दारात पेपर घेऊन उभा, वासावर.

“खांतोळी?” लेकीने विचारलं. “उद्यासाठी?”

“मग? कोण ओळखणार?”

तिने खोवलेलं खोबरं ताटात झटकलं. मग म्हणाली, “आई, उद्या शुक्रवार आहे ना, तर त्यांच्याकडे...”

“एक शब्द नाही,” मी उलथनं उगारलं. “घरच्या मुलीला खिरापत माहीत असते. ती ओळखत नाही, सुचवत नाही, सांगत नाही. हा नियम आहे. जीभ आत.”

“अगं पण ऐक तर.”

“आत.”

“बरं,” ती म्हणाली, आणि खोबऱ्याकडे बघून हसली. मला ते हसणं आवडलं नाही. मी मूळ विषयावर आले.

“तू उद्या फेरात उभी राहणार आहेस की नाही?”

“तो शाळेतला विषय आहे. शाळेत विचार.”

“शाळेत तू माझ्याशी बोलत नाहीस.”

“मिस म्हणून विचार. इंग्रजीत.”

“ऐकताय ना?” मी नवऱ्याला म्हटलं.

“माझी शाखा वेगळी आहे,” तो म्हणाला आणि पेपरसकट आत गेला.

वड्या मी एका स्टीलच्या डब्यात भरल्या. खिरापतीचा डबा हलवून ओळखतात. म्हणून डब्यात आधी मऊ पंचा, वड्यांच्या थरांमध्ये केळीचं पान, वरून पुन्हा पंचा. हलवून बघितला. जरासुद्धा आवाज नाही. मग झाकण तळहाताने ठोकून बसवलं. त्या रात्री मी फार समाधानाने झोपले. लढाईवर जाणारेही इतके समाधानाने झोपत नसतील.

शुक्रवारी मुलींना रंगीत कपड्यांची परवानगी होती. सकाळी मैदानावर सगळ्या रेशमी परकरांत, पिवळे, जांभळे, पोपटी, आणि त्यांच्या चालण्याचा एक सरसर आवाज, वाळूवरून पाणी मागे जातं तसा. माइकवर लेक. मोरपंखी परकर, माझ्या जुन्या साडीचा शिवलेला. मांजरीची पिल्लं डोळे उघडू लागली आहेत, ती म्हणाली. वाचनालयाचं घड्याळ चालू झालं आहे, पण वेळ त्याची स्वतःची आहे. मग म्हणाली, “आज दुपारी भोंडला. शेवटी एक बंद डबा असेल आणि त्यात काय आहे ते ओळखायचं आहे. शाळेत हे फक्त दोघींना माहीत आहे. भूगोलाच्या मिस, आणि मी. मला कालपासून जेल पेन, कैरी आणि बसमधली खिडकी देऊ करण्यात आली आहे. बातमीदार विकली जाणार नाही.”

मुली हसल्या, टाळ्या वाजवल्या. मी शिक्षकांच्या रांगेत ते शब्द मनात पुन्हा म्हटले. ‘फक्त दोघींना.’ तिने ते सगळ्या शाळेला सांगितलं होतं, आणि सांगताना तिची मान ताठ होती. मग लगेच मला वाटलं, आता दुपारी येईलच ती फेरात. आशा फार वाईट. त्या दिवशी दोन तास मी काय शिकवलं ते मला आजही सांगता येणार नाही.

शेवटच्या तासाला हॉल भरला. गोलूसमोर समई, बाहुल्या एकटक बघताहेत, मधे रागीट हत्ती. नववी बने फेर धरला. गाणी सुरू झाली आणि त्या रेशमी परकरांचं एक चक्र सावकाश फिरू लागलं. पंख्याच्या वाऱ्याने समईची ज्योत झुकायची, सावरायची. मी हत्तीजवळ डबा घेऊन उभी. चक्राबाहेर, माइकच्या शेजारी खांबाला टेकून, लेक. ती फिरत नव्हती. बघत होती. एक गाणं झालं, दुसरं झालं. शेवटच्या गाण्याला मी तिच्याकडे बघायचं सोडून दिलं.

मग खिरापत. मी डबा हलवला. आवाज नाही. हॉल गप्प. मला केवढा आनंद.

“सुंडल,” कुणीतरी म्हणालं. मी मान हलवली, नाही. “केसरी.” नाही. “मुरुक्कू.” नाही, नाही. मी आणखी एकदा हलवला, जरा उंच धरून, जादूगारासारखा. उन्हाने डबा गरम झाला होता आणि झाकणाच्या फटीतून वेलदोड्याचा आणि गुळाचा वास निघाला असावा. पुढे बसलेल्या पाचवीतल्या एका चिमुरडीने नाक वर केलं.

“पुट्टु,” ती म्हणाली.

“नाही,” मी म्हटलं.

“वेल्लपुट्टु, मिस,” तिची मैत्रीण म्हणाली. “आज शुक्रवार ना.”

आणि मग सगळा हॉल एका सुरात ‘पुट्टु’ म्हणू लागला. तांदूळ, गूळ, खोबरं, वेलदोडा. नवरात्रातल्या शुक्रवारी तिथल्या घराघरात हेच होतं. सकाळी निम्म्या मुली ते खाऊनच आल्या होत्या. वाफवलेलं, मोकळं, भुरभुरीत. वड्या नाहीत, एवढाच काय तो फरक. तमिळच्या मिसनी चष्मा काढला तो घातलाच नाही.

आता शहाण्या बाईने काय केलं असतं? हसून डबा उघडला असता. मी म्हटलं, “नाही. चूक.” पुन्हा ‘पुट्टु’ झालं, पुन्हा म्हटलं, “चूक. नाव वेगळं आहे.” मुलींचा आवाज हळूहळू खाली आला. बाहेर बस उभ्या होत्या. हेडमिस्ट्रेसनी मनगटाकडे बघितलं. मागून कुणीतरी म्हणालं, मिस चीटिंग करतात. मी डबा छातीशी धरून हत्तीशेजारी उभी. तो डबा तसाच बंद घरी नेला असता मी, खरंच नेला असता.

सगळ्या माना खांबाकडे वळल्या. माहीत असलेली दुसरी तीच. लेकीने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, ही आता मागच्या मागे निघून जाणार, आणि सोमवारच्या बातम्यांत मी असणार.

ती सरळ चालत आली. फेरातले दोन हात सोडवून आत शिरली, आणि तिच्या त्या भाजीवालीला फसवणाऱ्या तमिळमध्ये सगळ्यांना म्हणाली की बरोबर आहे, पुट्टुच आहे, आमच्या घरी त्याच्या वड्या पाडतात आणि त्याला खांतोळी म्हणतात. मग माझ्याकडे वळली.

“आई, उघड आता. बस सुटतील.”

माइक तिच्या मागे चालूच होता. ‘आई’ हा शब्द हॉलभर गेला, झरोक्यांपर्यंत.

आणि मी काय म्हणावं? “तू घरची आहेस. तू सांगायचं नसतं.”

“मी सांगितलं कुठे? त्यांनी ओळखलं. काल सांगत होते तर उलथनं दाखवलंस.”

“पुट्टु म्हणजे खांतोळी नव्हे.”

“आई, किती हट्टी आहेस गं तू.”

मुलींना हे सगळं मराठीत चाललेलं काही कळत नव्हतं, पण भांडण कुठल्याही भाषेत कळतं. “काय म्हणतात मिस?” पुढच्या रांगेतून कुणीतरी विचारलं.

लेक वळली आणि तमिळमध्ये, अत्यंत गंभीरपणे म्हणाली, “आई म्हणतेय, तुम्ही सगळ्याच जिंकलात.”

मी तसं काहीही म्हटलं नव्हतं. पण तेवढ्यात टाळ्या सुरू झाल्या होत्या, आणि तेवढं तमिळ मला समजत होतं. मी झाकण उघडायला गेले तर ते निघेना. मीच ठोकून बसवलेलं. लेकीने डबा ओढून घेतला, घरी करते तसा काठावर चारी बाजूंनी तळहात मारला आणि झाकण सुटलं. पंचा काढताना म्हणाली, “हा कशाला?” वड्यांचे तुकडे करकरून वाटावे लागले. तमिळच्या मिसनी एक तुकडा खाल्ला, डोळे मिटून. “छान झालाय पुट्टु,” त्या म्हणाल्या.

संध्याकाळी शाळेच्या बसमध्ये मी नेहमीसारखी पुढे बसले, लेक नेहमीसारखी सगळ्यात मागे, घोळक्यात. नदीचा पूल आला, पाण्यावर ऊन सांडलेलं, परकर चुरगळलेले, निम्म्या मुली एकमेकींच्या खांद्यावर झोपलेल्या. मलाही डुलकी लागत होती. तेवढ्यात मागून, पूर्ण बसला ऐकू येईल अशी हाक आली.

“आई, डब्यात उरलीय का गं एखादी?”

“एकही नाही,” मी म्हटलं.

डब्यात खरंच नव्हती. एक माझ्या पर्समध्ये होती, रुमालात, आणि ती मी कुणाला देणार नव्हते.